टीबीचा कोर्स संपला तरी दम लागतोय? फौंड्रीत काम केल्याचं डॉक्टरांना सांगितलंय का?

कोल्हापूर : पहाटे साडेपाचला कागल, करवीर, हातकणंगले तालुक्यांतल्या गावागावांतून मोटारसायकली बाहेर पडतात. डब्याची पिशवी हँडलला आणि तोंडाला रुमाल. कुणी शिरोलीला, कुणी गोकुळ शिरगावला, कुणी कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत. एकर-दीड एकर ऊस घरच्यांनी बघायचा आणि महिन्याचा पगार फौंड्रीतून आणायचा, हा इथल्या कितीतरी घरांचा हिशेब आहे. मुलांच्या फिया, सोसायटीचं कर्ज, बहिणीचं लग्न, सगळं त्याच पगारावर चालतं.

याच घरांत एक गोष्ट घडते आणि तिचं नाव कुणी नीट घेत नाही. पंधरा-वीस वर्षं फेटलिंगला किंवा नॉकआउटला काढलेला माणूस चाळिशीतच धापा टाकायला लागतो. आधी खोकला असतो, मग दम लागतो, मग वजन उतरतं. गावातला डॉक्टर एक्स-रे काढायला लावतो, टीबीच्या गोळ्या सुरू होतात, सहा महिन्यांनी कोर्स संपतो आणि दम तिथंच राहतो. पुढं माणूस काम सोडून घरी बसतो. गाव म्हणतं, ‘बिडीनं खाल्लं’.

काही वेळा ते बिडीनं खाल्लेलं असेलही. पण अशा माणसाला सिलिकोसिस असू शकतो. हा धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार आहे, तो कामामुळे होतो, आणि कायद्यात त्याची भरपाई आहे. अडचण एवढीच की डॉक्टरच्या कागदावर ‘हा माणूस फौंड्रीत काम करतो’ हे वाक्य बहुतेक वेळा नसतं. ते नसलं की पुढची सगळी दारं जड होतात.

ही धूळ वेगळी कशी

मळणीची धूळ नाकातोंडात जाते, शिंका येतात, दोन दिवस घसा धरतो आणि मोकळा होतो. फौंड्रीतली धूळ तशी नाही. साचा करायला जी वाळू लागते ती सिलिका. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात कासार्डे भागात जी पांढरी वाळू निघते ती हीच. वाळूचा अख्खा दाणा जाड असतो, तो छातीपर्यंत पोचत नाही. पण साच्यात तापलेलं लोखंड ओतलं, कास्टिंग निवलं आणि नॉकआउटला साचा फोडला की तीच वाळू कोरडी होऊन फुटते, तिचं पीठ होतं. पुढं फेटलिंगला कास्टिंगला चिकटलेली जळकी वाळू ग्राइंडरनं घासून काढतात, तेव्हा आणखी बारीक पीठ उडतं.

यातले सगळ्यात घातक कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून बारीक असतात. ते डोळ्याला दिसत नाहीत. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली की धूळ नाचताना दिसते, ती तर जाड धूळ झाली. हवा स्वच्छ वाटते तेव्हाही बारीक कण तिच्यात असतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात आणि तिथंच बसतात. शरीर त्यांना गिळून संपवायला बघतं, पण दगड पचत नाही. त्या जागी जखमेसारखा कडक वण तयार होतो. असे हजारो वण झाले की फुप्फुस ताठ होतं, फुगत नाही.

तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क नीट बसला तर अडवतो. पण खरा उपाय मशीनजवळच आहे: धूळ तिथल्या तिथं ओढून घेणारी यंत्रणा, काम शक्य तिथं ओलं करून करणं, बंद केबिनमध्ये शॉट ब्लास्टिंग. ही मालकाची जबाबदारी आहे.

आणि गूळ. कोल्हापूर गुळाचं, त्यामुळं हा समज आपल्याकडं जरा जास्तच पक्का आहे की पाळी सुटल्यावर गुळाचा खडा खाल्ला की छातीतली धूळ निघून जाते. काही ठिकाणी कामगारांना तसा गूळ वाटतातही. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात असते, या दोन वाटा वेगळ्या आहेत. गूळ चांगलाच आहे, खावा, पण मास्क आणि ‘सक्शन’च्या बदल्यात गूळ घेऊ नये.

फौंड्री सोडून आणखी काही कामांत हाच धोका आहे. काचेच्या किंवा सिरॅमिकच्या कारखान्यात, सिलिका वाळूच्या खाणीत आणि धुण्याच्या प्लांटवर, दगडात कोरडं ड्रिल मारताना. गावात किचनचे ओटे बसवणारी पोरं ग्रॅनाईट आणि कृत्रिम क्वार्ट्झच्या फरश्या कोरड्या कटरनं कापतात, त्यांना तर कुणी सांगतच नाही. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सिलिका इतकी जास्त असते की ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्या फरशीवरच बंदी घातली. आपल्याकडच्या क्रशरवरचा काळा दगड त्या मानानं कमी सिलिकाचा आहे, पण म्हणून ती धूळ छातीत घ्यावी असं नाही.

ओळखायचं कसं

हा आजार हळू येतो. साधारण प्रमाणात धूळ खाल्लेल्या माणसाला दहा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा दिसतो. धूळ जास्त असेल तर पाच-दहा वर्षांत. फारच दाट धुळीत, बंद खोलीत ब्लास्टिंग करणाऱ्याला काही महिन्यांतही होऊ शकतो. काम सोडल्यावर कित्येक वर्षांनी तो पहिल्यांदा कळला असंही होतं, कारण आत बसलेली धूळ काम सोडल्यावर बाहेर पडत नाही.

पहिली खूण बहुतेकांना कामावर कळत नाही. ती चढावर कळते. मागच्या वर्षी जोतिबाच्या पायऱ्या न थांबता चढलेला माणूस यंदा तीनदा टेकतो. उसाची मोळी उचलून ट्रॉलीपर्यंत नेताना मध्येच उभा राहतो. कोरडा खोकला जात नाही. पुढं वजन उतरतं, थकवा येतो, छातीत दुखतं. शेवटी अंघोळ करताना, बोलतानाही दम लागतो. सुरुवातीला एक्स-रेवर डाग दिसतात पण माणसाला काहीच त्रास नसतो, असंही असतं. म्हणून त्रास नसताना तपासणी करण्याला अर्थ आहे.

फौंड्रीतलं काम कायद्यानं धोकादायक प्रक्रियांच्या यादीत घातलेलं आहे. अशा कामावरच्या कामगाराची कामावर घेण्याआधी आणि नंतर दर बारा महिन्यांच्या आत वैद्यकीय तपासणी मालकानं करायची असते, आणि आपल्या तपासणीचे कागद बघायचा कामगाराला हक्क आहे. बऱ्याच जणांची तपासणी म्हणजे वर्षातून एकदा गाडी येते, वजन-बीपी बघते आणि सही घेऊन जाते. छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची चाचणी झाली का, हे विचारा. झाली असेल तर त्याची प्रत मागा, निदान मोबाईलमध्ये फोटो काढून घ्या.

हा आजार बरा करणारं औषध नाही. दम कमी करणारी औषधं, पंप, ऑक्सिजन हे त्रास हलका करतात. धूळ थांबवणं, बिडी-सिगारेट सोडणं आणि टीबीवर लक्ष ठेवणं, एवढंच हातात राहतं. म्हणून लवकर कळण्याला किंमत आहे. तिशीतल्या माणसाला कळलं तर त्याला धुळीचं खातं सोडून दुसरं काम मागता येतं.

टीबी आणि सिलिकोसिसची गल्लत

सगळा घोळ इथं होतो. दोन्हीत खोकला, दोन्हीत वजन उतरतं, दोन्हीत एक्स-रेवर फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग. टीबी आपल्याकडं सगळीकडं असल्यामुळं डॉक्टरच्या मनात आधी टीबीच येतो, त्यात त्याची चूक म्हणता येत नाही. पण पेशंटनं काम सांगितलं नाही आणि डॉक्टरनं विचारलं नाही, तर सिलिकोसिसचा विचारच होत नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. सिलिकोसिस असलेल्या माणसाला टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटीनं जास्त असते. म्हणजे एकाच छातीत दोन्ही असू शकतात. त्याला सिलिको-ट्यूबरक्युलोसिस म्हणतात आणि भरपाईच्या कायद्यातल्या यादीत त्याचंही नाव आहे, फक्त सिलिकोसिस हे त्यातलं मुख्य कारण असायला हवं. त्यामुळं ‘मला टीबी निघालाय, आता भरपाईचा काय संबंध’ असं म्हणून कुणी गप्प बसू नये. आणि हे वाचून कुणी टीबीच्या गोळ्याही मध्येच बंद करू नयेत. टीबी असेल तर त्याचा कोर्स पुरा करायचाच, तो सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

करायचं एवढंच. थुंकीची तपासणी होऊ द्या आणि तिचा रिपोर्ट जपा. थुंकीत जंतू नाहीत, गोळ्या खाऊनही डाग आणि दम तसाच, असं असेल तर छातीरोगतज्ज्ञाकडं जा. कोल्हापुरात सीपीआरला जाता येतं. केस पेपर काढतानाच सांगा, की मी अमुक वर्षं फौंड्रीत, अमुक खात्यात काम केलंय, वाळूच्या धुळीत. आणि ते केस पेपरवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं कोर्टात जात नाही. डॉक्टरांना घाई असते, ओळ मोठी असते, हे खरंय. तरी ‘साहेब, एवढं कामाचं लिहा’ म्हणायला दहा सेकंद लागतात. धुळीचे आजार बघणारे डॉक्टर एक्स-रे एका आंतरराष्ट्रीय पद्धतीनं वाचतात, तो रिपोर्ट आणि गरज असेल तर सीटी स्कॅन, फुंकरीची चाचणी, हे सगळं मिळून निदान पक्कं होतं. असा आजार आढळला तर डॉक्टरनं कारखाना निरीक्षकांना कळवायचं असतं, आपल्या राज्यात ते खातं म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय.

जुने एक्स-रे टाकून देऊ नका. ग्रहण बघायला पोरांनी फिल्म कापली, माळ्यावर उंदरांनी कुरतडली, असं घराघरांत झालेलं असतं. दहा वर्षांपूर्वीची स्वच्छ छाती आणि आजची डागाळलेली छाती शेजारी-शेजारी ठेवता आली तर तो मोठा पुरावा असतो.

तिथं काम केलंच नाही म्हणाले तर?

भरपाईच्या दाव्यात आजार सिद्ध करणं अवघड असतंच, पण त्याहून अवघड असतं ते ‘हा आमचा कामगारच नव्हता’ याला उत्तर देणं. फौंड्रीत बरेच जण ठेकेदाराकडून असतात. ठेकेदार बदलतो, माणूस त्याच मशीनवर राहतो. कधी पगार रोखीनं, कधी हजेरी कार्डवर नाव चुकीचं.

गुजरातमधल्या गोध्रा भागातल्या क्वार्ट्झ दगडाच्या कारखान्यांचं उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ, धार भागातले आदिवासी मजूर तिथं दगडाची पावडर करायच्या कामाला गेले आणि धूळ घेऊन परतले. २३८ मृत्यूंबद्दल राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१० मध्ये प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली. सुप्रीम कोर्टात याचिका २००६ ची होती. पैसे द्यायचा कोर्टाचा आदेश आला २०१६ साली.

आपल्या कामगाराच्या हातात निदान मोबाईल आहे. पीएफ कापत असतील तर यूएएन नंबरवरून पासबुक उघडतं, त्यात कुठल्या आस्थापनेनं कुठल्या महिन्यात पैसे भरले ते नावासकट दिसतं. ते आजच डाउनलोड करून ठेवा. ईएसआयचं ई-पेहचान कार्ड, गेटपास, पगाराची स्लिप, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, पाळी बदलल्याचा सुपरवायझरचा व्हॉट्सअॅप मेसेज, हे सगळं कामाला येतं. सोबत काम केलेल्या दोघा-तिघांची साक्षही चालते, पण ते अजून तिथंच नोकरीला असतील तर साक्षीला यायला कचरतात. आधार, पीएफ आणि हजेरीवरच्या नावात फरक असेल तर तो नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्या. नोकरी सुटल्यावर त्या टेबलावर कुणी उभं करत नाही.

पैसे कुठून मिळतात

वाटा दोन आहेत, आणि एका माणसाला यातली एकच लागू होते.

पगारातून ईएसआय कापत असतील, तर वाट ईएसआयची. सध्या महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना आहे, कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. सिलिकोसिस तिथं कामाच्या दुखापतीसारखाच धरतात. तात्पुरती काम करता येत नसेल तर पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा पैसे सुरू होतात, ते जन्मभर. मृत्यू झाला तर अवलंबितांना दरमहा. साधा आजारी रजेचा अर्ज भरून मोकळं होऊ नका, ‘व्यवसायजन्य आजार’ म्हणून केस बोर्डाकडं पाठवायला सांगा. दोन्हीत मिळणाऱ्या रकमेत मोठा फरक आहे. ठेकेदार पैसे कापतो पण भरत नाही असं दिसलं तर तक्रार ईएसआयच्या कार्यालयातच करायची.

ईएसआय नसेल, तर १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आता हाच विषय आला आहे, हिशेबाची रीत तीच आहे. ती जरा समजून घ्या, म्हणजे कुणी पन्नास हजारांत गुंडाळायला आला तर कळेल.

समजा माणसाचं वय ४५ आणि पगार १४ हजार. कायद्यात प्रत्येक वयाला एक आकडा दिलाय, ४५ ला तो १६९.४४ आहे. पूर्ण आणि कायमचं अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ८,४००, गुणिले १६९.४४. होतात १४ लाख २३ हजार २९६ रुपये. डॉक्टरनं कमावण्याची ताकद ४० टक्के गेली असं ठरवलं, तर त्याच्या ४० टक्के, म्हणजे ५ लाख ६९ हजारांच्या वर. मृत्यू झाला तर पगाराच्या ५० टक्के धरतात, ७,००० गुणिले १६९.४४, म्हणजे ११ लाख ८६ हजार ८०. वय कमी तर आकडा मोठा, ३५ ला तो १९७.०६ आहे. जानेवारी २०२० पासून हिशेबाला पगार जास्तीत जास्त १५ हजारच धरतात, हातात वीस येत असले तरी. मालकानं वेळेत दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला कारण पटलं नाही तर दंडही लागू शकतो.

ठेकेदाराचा माणूस होता म्हणून मूळ कंपनी सुटत नाही. कामगार भरपाई तिच्याकडं मागू शकतो, मग ती ठेकेदाराकडून वसूल करेल नाही तर सोडून देईल. तीन-चार फौंड्र्यांत काम झालं असेल तर धूळ कुणाची, हा प्रश्न कामगारानं सोडवायचा नाही. कायदा म्हणतो सगळे मालक जबाबदार, वाटणी आयुक्त ठरवतील.

शंभराच्या स्टॅम्पवर ‘माझी कसलीही मागणी नाही’ असं लिहून घेतलेलं असलं तरी हक्क जात नाही, असा करार कायद्यानं रद्दच धरतात. तरी सही करू नका, कारण तो कागद पुढं वर्षभर भांडायला लावतो. मृत्यू झाला असेल तर भरपाई आयुक्तांकडं जमा करायची असते. तेराव्याला घरी येऊन पाकीट देऊन गेले म्हणजे हिशेब मिटला, असं नाही.

मुदत दोन वर्षांची आहे. ती कधीपासून मोजायची यात लोक फसतात. आजारामुळं सलग गैरहजेरी सुरू झाली तो पहिला दिवस अपघाताचा दिवस धरतात. नोकरी सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर लक्षणं पहिल्यांदा कळली तो दिवस. मृत्यू झाला तर मृत्यूची तारीख. उशीर झाला आणि कारण पटण्यासारखं असलं, जसं की तीन वर्षं टीबी समजून उपचार चालले होते, तर उशीर माफ करायचा अधिकार आयुक्तांना आहे. इथं पुन्हा ते टीबीचे केस पेपर कामाला येतात.

राजस्थाननं २०१९ मध्ये यासाठी वेगळं धोरण केलं. तिथं सिलिकोसिसचं प्रमाणपत्र मिळालं की ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख, शिवाय पेन्शन. मालक कोण हे सिद्ध करायच्या भानगडीत मजुराला पडावं लागत नाही. दगडकामात रोज मालक बदलणाऱ्या माणसाला हीच रीत सोयीची आहे, हे उघड आहे.

दावा कुणाकडं दाखल करायचा आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत, या दोन्ही प्रश्नांसाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना तिथं वकील मोफत मिळतो. म्हणजे कामगार हयात नसला तरी त्याची बायको स्वतःच्या नावानं अर्ज करू शकते. मोफत हेल्पलाइन १५१०० आहे. जाताना केस पेपर, एक्स-रे, पीएफचं पासबुक, आधार आणि कुठल्या वर्षी कुठल्या खात्यात काम केलं याची एका कागदावर हातानं लिहिलेली यादी सोबत न्या. ती यादी आजारी माणसाकडूनच, तो बोलू शकतोय तोवर लिहून घेतलेली बरी.